चौदा रुपयांची गिनी

फेब्रुवारी १९५५. लेस्टर स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनातून वर या आणि चॅरिंग क्रॉस रोडने उत्तरेकडे चालू लागा. मुंबईहून आणलेला स्वेटर इथे पुरणार नाही, हे पाचव्या पावलाला कळेल. कोळशाच्या धुराची पुटं चढून दोन्ही बाजूंच्या इमारती काळ्या पडल्यात. १९५२च्या डिसेंबरात याच धुराने धुक्याशी हातमिळवणी करून चार-पाच दिवसांत हजारो माणसं मारली. त्यावरचा कायदा यायला अजून जवळजवळ दीड वर्ष आहे. मांसावरचं रेशनिंग उठलं ते गेल्या जुलैत. युद्ध जिंकलेल्या देशाची राजधानी अशी दिसते याचं नवल वाटेल, पण ते तोंडावर दिसू देऊ नका.

जुन्या पुस्तकांची दुकानं मागे टाकत चाला. उजव्या हाताला लिचफील्ड स्ट्रीट लागेल. रस्ता म्हणायचा म्हणून म्हणायचा, आहे गल्लीएवढाच. पलीकडच्या टोकाला अँबॅसडर्स नाट्यगृह, तिथे अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ सव्वादोन वर्षं चालू आहे. अजून किती दिवस चालेल असं कुणी विचारलं तर गप्प बसा. कोपऱ्यावर ‘दि आयव्ही’, नाटकवाल्यांचं जेवायचं ठिकाण. तुम्हाला यातल्या कशातच शिरायचं नाही. तुमचा पत्ता आहे १, लिचफील्ड स्ट्रीट, आणि दुकानाचं नाव गॅलरी वन.

हो, दुकानच. संग्रहालयासारखं इथे सरकारी अनुदान नाही, विश्वस्त नाहीत, मालकाच्या पाठीशी कुणी लॉर्डही नाही. दोन वर्षांपूर्वी, १९५३ साली, व्हिक्टर मसग्रेव्ह नावाच्या कवीने हे उघडलं. त्याच्याकडे गाठीला पैसा नाही, या धंद्याची पिढीजात ओळखही नाही. लंडनचा मानाचा चित्रबाजार इथून मैलभर पश्चिमेला, कॉर्क स्ट्रीट आणि बाँड स्ट्रीटच्या आसपास भरतो. तिथल्या गालिच्यांवरून चालणारं गिऱ्हाईक वाट वाकडी करून इकडे आलं तरच येणार.

दार ढकलण्याआधी पैशांचं बघून घ्या. चित्रांच्या किमती गिनीत लिहिल्या आहेत. गिनी नावाचं नाणं चलनातून जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण डॉक्टरची फी, शर्यतीचा घोडा आणि भिंतीवरचं चित्र यांचा भाव गिनीतच सांगायचा, ही इथली रीत. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. रुपयाला दीड शिलिंग असा दर बांधलेला आहे, तेव्हा एका गिनीचे बरोबर चौदा रुपये होतात, आणे-पैचा घोळ नाही. पण मनातला हिशेब मनातच ठेवा. या सहलीत तुम्हाला काहीही विकत घेता येणार नाही. अट फक्त एवढीच आहे, आणि ती किती जाचक आहे ते आत गेल्यावर समजेल.

आत प्रायव्हेट व्ह्यूची गर्दी आहे, म्हणजे प्रदर्शन उघडायच्या आधी ओळखीच्यांना आणि ओळख व्हावी अशांना बोलावणं. ओले ओव्हरकोट, सिगारेटचा धूर, हातात छोटे पेले. गर्दी चित्रांकडे पाठ करून एकमेकांशी बोलते आहे. हे मात्र मुंबईच्या जहांगीरमध्ये प्रदर्शन पाहिलेल्या कुणालाही नवं वाटणार नाही. (जहांगीर आर्ट गॅलरीही तेव्हा नुकतीच, १९५२ साली, उघडलेली.) खांद्यांमधून वाट काढत भिंतीपाशी जा.

आणि तिथे तुम्ही थबकता. काळ्या, जाडजूड रेघांनी बांधलेली माणसं. डोळे भुवयांखाली नाहीत, पार कपाळात सरकलेत. मानेत बाण रुतलेले. धर्मगुरूचा झगा घातलेले, दात विचकणारे पुरुष. टेबलावर मांडलेली भांडी, तीसुद्धा चर्चमधल्या वेदीवरची वाटावीत अशी. शेजारचे साहेब या चित्रांत रुओ, पिकासो आणि स्पेनमधल्या जुन्या भित्तिचित्रांचा माग काढताहेत. त्यांचं चुकत नाही. पण तुम्ही गोव्यात एकदा तरी भर दुपारी एखाद्या पांढऱ्या चर्चमध्ये शिरला असाल, रक्ताळलेला ख्रिस्त आणि मेणबत्त्यांची काजळी पाहिली असेल, तर हा माणूस कुठून आला हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

तो साळगावचा. फ्रान्सिस न्यूटन सूझा, वय तीस. जन्मल्यावर तीन महिन्यांत वडील गेले. लहानपणी देवी आल्या. मूल वाचलं तर पाद्री करीन असा आईने नवस केला आणि गोव्याच्या संताचं, ‘गोंयच्या सायबा’चं नाव, फ्रान्सिस, त्याच्या नावाला जोडलं. आईने मुंबईत शिवणकामावर संसार ओढला. पोराने शाळेत असभ्य चित्रं काढल्याचा ठपका घेतला आणि बाहेर पडला, १९४५ साली जे. जे. कलाशाळेतूनही राजकारणापायी काढला गेला. १९४७ साली रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ साली मुंबईतल्या प्रदर्शनातून त्याचं स्वतःचं नग्न चित्र काढायला लावलं गेलं, घरी पोलीस येऊन गेले. त्याच वर्षी तो बोटीत बसला.

लंडनमध्ये त्याची वाट कुणी बघत नव्हतं. पत्नी मारियाने काम करायचं आणि त्याने चित्रं काढायची, अशी पाच-सहा वर्षं गेली. भारताचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी भित्तिचित्रांचं काम दिलं, त्यांच्या इंडिया हाऊसमध्ये चित्रं लागली, पण इंडिया हाऊसमधली भिंत ही घरचीच भिंत. कलाटणी दिली ती एका लेखाने. चित्रांच्या आधी त्याचं गद्य खपलं. बालपणावरचा, नर्म विनोद आणि किळस एकत्र कालवलेला त्याचा लेख कवी स्टीफन स्पेंडरने ‘एन्काउंटर’ मासिकात छापला आणि त्यानेच त्याची मसग्रेव्हशी गाठ घालून दिली. कवी संपादकाने कवी दुकानदाराकडे पाठवलेला चित्रकार. बाँड स्ट्रीटवर असा व्यवहार झाला नसता, कारण तिथला मालक कविता वाचत नव्हता.

भिंतीवरच्या चित्रांच्या कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. एकेक लाल टिकली चिकटायला लागली आहे. टिकली म्हणजे विकलं गेलं. हे प्रदर्शन विकलं गेलं ते सगळंच्या सगळं. समीक्षक जॉन बर्जर याच महिन्यात ‘न्यू स्टेट्समन’मध्ये त्यावर लिहील. तो पक्का मार्क्सवादी, कौतुकात हात आखडता घेणारा. तोसुद्धा मान्य करील की चित्रांत ताकद आहे, पण हा नेमका कुठल्या परंपरेतला हे आपल्याला ठरवता येत नाही. ‘कुठल्या परंपरेतला’ या प्रश्नापाशी थोडं थांबा. पुढची आठ वर्षं हाच प्रश्न या दुकानाच्या आसपास घुटमळत राहणार आहे.

आता तुमची परीक्षा. याच वर्षी सूझा ‘बर्थ’ नावाचं एक मोठं चित्र रंगवतो: आडवी पडलेली गरोदर स्त्री, तिच्यापाशी उभा पुरुष, खिडकीतून दिसणारं गाव. आठ फूट बाय चार फुटांचा बोर्ड. २००८ साली लिलावात त्याला २५ लाख डॉलरच्या आसपास किंमत आली आणि २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ४० लाख डॉलरहून अधिक. तुम्हाला हे माहीत आहे आणि या खोलीत दुसऱ्या कुणालाही नाही. हात आपोआप खिशाकडे जातो ना? घ्या काढून. आज इथे जे टिकली लावताहेत त्यांनाही काही माहीत नव्हतं, त्यांनी आवडलं म्हणून घेतलं. आणि तेवढ्याशा गिनींतून एका घराचं भाडं निघालं.

धंदा कसा चालतो तेही बघून घ्या, कारण त्यावरच सगळं अडतं. चित्रं चित्रकाराचीच राहतात; दुकान ती ठेवून घेतं, विकतं आणि साधारण तिसरा हिस्सा आपल्याकडे ठेवतं. त्या तिसऱ्या हिश्शातून जागेचं भाडं, दिवाबत्ती, निमंत्रणपत्रिकांची छपाई, टपाल, पेल्यांतली दारू. नावाजलेल्या माणसाचं प्रदर्शन असेल तर भागतं. पण नवखा आणून टांगला, तीन-चार आठवडे भिंत त्याच्या नावावर केली आणि टिकली एकही लागली नाही, तर सगळा खर्च दुकानदाराच्या अंगावर. शहाणा दुकानदार म्हणून एका नवख्यामागे चार जुने ठेवतो. मसग्रेव्हचं प्रमाण नेमकं उलटं होतं.

निघण्याआधी वरच्या मजल्यावर नजर टाका. तिथे मसग्रेव्हची बायको, इडा कार, फोटो काढते. आर्मेनियन आईबाप, जन्म रशियातल्या तांबोवचा, शिक्षण पॅरिसमध्ये, पहिला स्टुडिओ कैरोत. तिथेच युद्धकाळात मसग्रेव्ह भेटला. गेल्या वर्षी, १९५४मध्ये, तिने काढलेली लंडन आणि पॅरिसच्या चाळीस कलावंतांची छायाचित्रं याच भिंतींवर लागली होती. फोटो हा भिंतीला टांगून विकायचा माल आहे, हे तेव्हा लंडनला पटलेलं नाही. पण तिने कॅमेऱ्यासमोर बसवलेली माणसं बघितली की कळतं, खालचं दुकान नवऱ्याचं असलं तरी चेहऱ्यांची वही तिची आहे. सूझालाही तिने टिपलंय. ती छायाचित्रं आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत, म्हणजे ब्रिटनने ज्यांना ‘आपली माणसं’ मानलं त्यांच्या घरात. साळगावचा सूझा आणि त्याला टिपणारी तांबोवची आर्मेनियन बाई, दोघंही.

आता दोन वर्षं ओलांडा. जून १९५७, उन्हाळा. दुकान हललंय, २० डार्ब्ले स्ट्रीटला, भर सोहोत. बेरविक स्ट्रीटचा भाजीबाजार हाकेच्या अंतरावर, शिंपी, इटालियन कॉफीची वाफ सोडणारी यंत्रं, आणि संध्याकाळनंतर दारांत उभ्या राहणाऱ्या बायका. वरच्या एका खोलीत कॉलिन मॅकइनेस हा कादंबरीकार भाड्याने राहतो. लंडनमध्ये आलेल्या आफ्रिकी आणि वेस्ट इंडीजच्या तरुणांवरची त्याची ‘सिटी ऑफ स्पेड्स’ याच वर्षी निघाली. दुकानात मदतीला एक तरुण आहे, जॉन कास्मिन, काही काळ न्यूझीलंडमध्ये राहून आलेला, बोलण्यात चलाख. त्याचा चेहरा लक्षात ठेवा.

आत गेलात की पहिल्यांदा वाटेल, रंगकाम चालू आहे. भिंतींवर बोर्ड आहेत आणि प्रत्येक बोर्डवर एकच रंग. पूर्ण निळा, पूर्ण लाल, पूर्ण हिरवा. आकृती नाही, रेघ नाही, कुंचल्याचा फटकारा नाही. चित्रकार फ्रेंच, वय एकोणतीस, नाव ईव्ह क्लाइन, जुदोतला ब्लॅक बेल्ट. जानेवारीत मिलानमध्ये त्याने अकरा निळे बोर्ड लावले होते. सगळे एकाच मापाचे, एकाच निळ्याचे, आणि तरी गिऱ्हाइकांनी प्रत्येकाला वेगळी किंमत मोजली, असं तोच सांगायचा. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला हा किस्सा खरा असण्यापेक्षा त्याने तो सांगितला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं; दुकानदारी म्हणजे काय ते क्लाइनला पुरेपूर कळलं होतं.

मसग्रेव्हने ते लंडनला आणून दाखवलं. वर्तमानपत्रांनी टर उडवली, समकालीन कलेच्या संस्थेत, आयसीएत, जाहीर चर्चा झाली ती खडाजंगीत संपली. निळ्या बोर्डासमोर उभं राहून तुम्हीही स्वतःशी म्हणाल, हे तर मीही केलं असतं. म्हणा. मग दोन मिनिटं तिथेच उभे राहा. निळा रंग कडांपाशी हलायला लागतो, बोर्ड किती लांब आहे ते सांगता येईनासं होतं. नाही झालं तसं, तर बाहेर भाजीबाजार आहेच.

या गल्लीत फार रेंगाळू नका, पण जाता जाता एवढं बघा: वर्षभरापूर्वी गिलियन एअर्स या तरुण चित्रकर्तीला पहिलं एकटीचं प्रदर्शन याच दुकानाने दिलं. अमूर्त चित्र काढणारी, तीही बाई, असा दुहेरी तोटा पत्करायला कॉर्क स्ट्रीटवरचं कोणी सहजी तयार नव्हतं.

१९५८मध्ये या पाटीखाली एक गंमत घडते. युरोपात राहणाऱ्या सात भारतीय चित्रकारांचं प्रदर्शन गॅलरी वन भरवते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी ग्रेट ब्रिटनतर्फे पाच चित्रकार निवडले जातात, आणि त्या पाचांत सूझा असतो. ज्या साळगावात तो जन्मला तिथे या क्षणी पोर्तुगालचं निशाण फडकतंय. ज्या मुंबईत तो शिकला ती स्वतंत्र भारताची. आणि कागदावर तो ब्रिटनचा चित्रकार. हे कुणी ठरवलं? पासपोर्टखात्याने नक्कीच नाही. ठरवलं ते चॅरिंग क्रॉस रोडजवळच्या एका खोलीने, तिथल्या लाल टिकल्यांनी, साप्ताहिकांतल्या दोन-चार परीक्षणांनी आणि दरवर्षी-दोनवर्षी त्याला नव्याने भिंत देणाऱ्या एका कर्जबाजारी कवीने. ‘समकालीन ब्रिटिश कला’ हे पुढे संग्रहालयांच्या पाट्यांवर दगडात कोरल्यासारखं दिसणार आहे. पण ते असं, भाड्याच्या जागेत, महिना-महिना पुढे ढकलत जमत गेलं. आणि याच वर्षीच्या ऑगस्टअखेर, इथून दोन-तीन मैलांवर नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळ्या वेस्ट इंडीजच्या माणसांच्या मागे लागल्या होत्या. तेही त्याच वर्षाचं लंडन.

सूझाचा जुना सोबती सदानंद बाकरे १९५१पासून याच शहरात आहे. जे. जे.चा तोही, ग्रुपमध्ये सहाजणांतला तोही, आणि शिल्पकार म्हणून हाताचा पक्का. पण त्याचं नाव इथे सूझाइतकं कधी गाजलं नाही. पुढे १९७५च्या सुमारास तो कोकणात परतला, दापोलीजवळ मुरुड-हर्णैला राहिला, आणि २००७ साली तिथेच गेला. दोघांच्या कामाची तुलना करण्याचा इथे हेतू नाही. एकाला योग्य क्षणी योग्य दुकान सापडलं, एवढा फरक मात्र नजरेआड करू नये. प्रतिभेवर लिहिताना आपण दुकानाला नेहमीच विसरतो.

चला, आता मेफेअर. साल १९६१. दुकानाने शेवटी ते मैलभराचं अंतर कापलं: १६, नॉर्थ ऑडली स्ट्रीट. वरच्या बाजूला ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि सेल्फ्रिजेस, खाली ग्रोव्हनर स्क्वेअर, तिथे अमेरिकी वकिलातीची नवी कोरी इमारत, दर्शनी भागावर सोनेरी गरुड. भाडं अर्थातच मेफेअरचं. दुकानदाराची अक्कल मात्र अजून सोहोची, आणि हे चांगलं की वाईट ते भाड्याच्या तारखेवर अवलंबून.

एका संध्याकाळी पाऊस लागतो. जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीत चित्रं काढण्याची नोकरी करणारी तिशीतली एक बाई घरी निघालेली असते. ती पावसाला चुकवायला या दुकानात शिरते, मसग्रेव्ह बोलायला लागतो, तिचं काम बघायला मागतो आणि प्रदर्शन देऊ करतो. गोष्ट अशी सांगतात, आणि सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे. त्यातला पाऊस किती आणि पदरचं किती कोण जाणे. पण प्रदर्शन झालं, १९६२च्या वसंतात, आणि बाईचं नाव ब्रिजेट रायली.

त्या प्रदर्शनात उभे राहा, शक्यतो रिकाम्या पोटी. फक्त काळं आणि पांढरं. ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’समोर या: बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन डावीकडून सुरू होतात, उजवीकडे जाता जाता अरुंद होत जातात, एका ठिकाणी सुतासारखे होऊन मिटतात आणि पुन्हा रुंदावतात. बोर्ड सपाट आहे. हात लावून खात्री करावीशी वाटेल, लावू नका. तुमचा डोळा मात्र तो सपाट मानायला तयार नाही. तिथे एक घडी आहे आणि सगळं त्या घडीत घसरतंय असंच तो सांगत राहतो. पुढे याला ‘ऑप आर्ट’ म्हणतील, कापडावर छापतील, आणि न्यूयॉर्कमध्ये आपलं चित्र दुसऱ्यांच्या कपड्यांवर बघून रायली संतापेल. आज इथे ते फक्त एका बाईने मोजूनमापून केलेलं काम आहे. आर्ट्स कौन्सिलने हे चित्र याच वर्षी घेतलं. तुमचा खिसा पुन्हा एकदा वाचला.

मधे एक तारीख सुटली. १९ डिसेंबर १९६१. गोवा मुक्त झाला. सूझाचं गाव ज्या देशाचं झालं तो देश त्याने बारा वर्षांपूर्वी सोडला होता, आणि ज्या देशाचा तो चित्रकार म्हणवला जात होता तोही पुढे सहा वर्षांनी सोडून तो न्यूयॉर्कला जाणार होता.

आणि आता या सहलीतला सर्वांत विचित्र थांबा, २३ ऑक्टोबर १९६२. कालच अमेरिकेच्या अध्यक्षांनी क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांबद्दल जगाला सांगितलंय. अणुयुद्ध आज लागेल की उद्या, एवढाच प्रश्न लोक विचारताहेत. ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये वकिलातीसमोर निदर्शनं आणि पोलीस. तुम्ही त्या गर्दीतून वाट काढत वर नॉर्थ ऑडली स्ट्रीटला येता, तर गॅलरी वनच्या दर्शनी काचेत एक जिवंत माणूस बसलाय. त्याचं सामानसुमान त्याच्याभोवती मांडलंय. तो तिथेच खातो, तिथेच झोपतो, आणि पंधरा दिवस तिथेच राहणार आहे. नीसहून आलेला बेन वोतिए. दुकानात ठेवायच्या वस्तूंपैकी तोही एक वस्तू, त्याच्या मते शिल्प.

आत ‘फेस्टिव्हल ऑफ मिसफिट्स’ चालू आहे. डॅनियल स्पोरीने जमवलेली ही मंडळी, रॉबर्ट फिलिऊ, एमेट विल्यम्स, बेन पॅटरसन, रॉबिन पेज आणि आणखी काही. फ्लक्सस म्हणून पुढे ज्यावर जाड ग्रंथ निघाले त्याचा लंडनमधला हा पहिला धिंगाणा. २४ तारखेच्या रात्री आयसीएच्या कार्यक्रमात रॉबिन पेज एक गिटार लाथा मारत मंचावरून खाली, दारातून बाहेर आणि डोव्हर स्ट्रीटवरून पुढे नेतो, तिचे तुकडे होईपर्यंत. जग संपायला आलेलं असताना हे बघणाऱ्या माणसाला ते मूर्खपणाचं वाटलं असेल की अत्यंत समंजस, हे तुम्ही तिथे उभे आहात तर तुम्हीच सांगा.

पण या विजोडांच्या मेळ्यातही एकाला दार बंद झालं. गुस्ताव मेट्झगर, न्यूरेंबर्गहून लहानपणी निर्वासित म्हणून आलेला ज्यू कलावंत. त्याला रोजचं ‘डेली एक्स्प्रेस’ वर्तमानपत्र तसंच्या तसं मांडायचं होतं. क्षेपणास्त्रांच्या बातम्या कलेच्या दुकानात. ते नाकारलं गेलं. काचेत माणूस चालला, वर्तमानपत्र चाललं नाही. मसग्रेव्हच्या उदारपणाचे गोडवे गाताना ही गोष्ट वगळायची पद्धत आहे. मला ती वगळवत नाही.

अशा प्रदर्शनात विकायचं काय? गिटारचे तुकडे? काचेतला बेन? लाल टिकली लावायला जागाच नव्हती. मेफेअरचं भाडं मात्र वर्तमानपत्राइतकंच नियमित येत होतं.

१९६३. सप्टेंबरात रायलीचं दुसरं प्रदर्शन. तिथलं ‘फॉल’ बघून घ्या, वरून हलक्या लाटांनी उतरणाऱ्या आणि तळाशी जाता जाता दाटत, आकसत कोसळणाऱ्या काळ्या रेघा. ते त्याच वर्षी टेट गॅलरीने विकत घेतलं. दुकानदाराने यापेक्षा मोठा विजय कुठला मागावा? आणि याच वर्षी गॅलरी वन बंद झाली.

निघताना न्यू बाँड स्ट्रीटवर ११८ नंबरमध्ये डोकवा. डार्ब्ले स्ट्रीटवरचा तो चलाख मदतनीस आठवतो ना, कास्मिन? याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलंय. पाठीशी एका लॉर्डचं भांडवल. आत बोळ ओलांडला की खूप मोठी, पांढरीशुभ्र, वरून उजेड येणारी एकच खोली, पायाखाली रबराची फरशी. लंडनमध्ये अशी जागा याआधी नव्हती. पुढच्या साठ वर्षांतल्या गॅलऱ्या या खोलीचीच नक्कल करतील. दोन वर्षांपूर्वी त्याने एका विद्यार्थ्याचं चित्र ४० पौंडांना घेतलं होतं. त्या विद्यार्थ्याचं, डेव्हिड हॉकनीचं, पहिलं प्रदर्शन वर्षअखेर इथेच होणार आहे. नवख्यावर पैज लावायला कास्मिन मसग्रेव्हकडे शिकला असणार. पैज कधी लावू नये हे मात्र तो दुसरीकडे कुठेतरी शिकलेला दिसतो.

बाकीच्यांचं लवकर सांगून टाकतो. इडा कारला १९६० साली व्हाइटचॅपल गॅलरीने शंभराहून अधिक छायाचित्रांचं प्रदर्शन दिलं होतं. लंडनच्या मोठ्या सार्वजनिक गॅलरीत छायाचित्रकाराला असा मान तोवर मिळाला नव्हता. १९७४ साली ती बेजवॉटरमधल्या एका खोलीत गेली, तेव्हा तिला बहुतेक सगळे विसरले होते. रायलीला १९६८च्या व्हेनिस बिनालेत चित्रकलेचं पारितोषिक मिळालं. सूझा २००२ साली मुंबईत वारला, शिवडीच्या कब्रस्तानात आहे. १९५९ सालचं त्याचं ‘क्रुसिफिक्शन’ टेटच्या संग्रहात आहे, ब्रिटिश कलेच्या घरात.

आणि मसग्रेव्ह? त्याला गाठायचं तर १९७९ साली थेम्सच्या दक्षिण काठावर हेवर्ड गॅलरीत या. ‘आउटसायडर्स’ नावाचं प्रदर्शन त्याने समीक्षक रॉजर कार्डिनलच्या जोडीने मांडलंय. कलाशाळेचं तोंड न पाहिलेली माणसं. कुणी मनोरुग्णालयात आयुष्य काढलेलं, कुणी नोकरी संपवून घरातल्या घरात कागद भरत बसलेलं. या चित्रांमागे ना दुकान होतं ना गिऱ्हाईक, बहुतेकांना आपण ‘चित्रकार’ आहोत याचाही पत्ता नव्हता. मसग्रेव्हने मग मोनिका किन्लेसोबत अशा चित्रांचा संग्रह जमवायला घेतला, आणि तो विकायचा नाही असं ठरवूनच जमवला. तो १९८४ साली वारला. किन्लेने संग्रह पुढे वाढवला, जागा शोधत त्याला बरंच फिरवलं, आणि २०१० साली तो मँचेस्टरच्या व्हिटवर्थ गॅलरीला दिला. तिथे जायला काळ ओलांडावा लागत नाही, आणि प्रवेश मोफत आहे.